शनिवारचा भरणा

शनिवारी बँकेचा व्यवहार बारापर्यंतच चालायचा. साडेअकरा झाले की वडील गल्ला उघडत, नोटा सारख्या करून मोजत, गड्डीला रबर लावत आणि भरणा स्लिप लिहून माझ्या हातात ठेवत. ‘पळ. खिडकी बंद व्हायच्या आत भरून ये.’ इचलकरंजीत आमचं सुताचं दुकान होतं. मी तेव्हा पाचवी-सहावीत असेन. पिशवी पोटाशी धरून पळताना मला एकच कोडं पडलेलं असायचं: पैसे तर आपलेच आहेत, मग सोमवारी भरले तर काय बिघडतं?

एकदा विचारलंच. वडिलांनी एक पाठकोरं बिल ओढलं आणि हिशेब मांडून दाखवला. आमच्या सीसीचा व्याजदर त्या वर्षी 17 टक्क्यांच्या आसपास होता. दहा हजार रुपये शनिवारी भरले तर शनिवार आणि रविवार, असं दोन दिवसांचं व्याज वाचतं. दहा हजारांचे 17 टक्के म्हणजे वर्षाचे 1,700 रुपये. त्याला 365 ने भागायचं, दोनाने गुणायचं. उत्तर आलं सव्वानऊ रुपये. तेवढ्यात आमच्या घरी दोन दिवसांचं दूध यायचं. त्या दिवसापासून मी जरा जास्त जोरात पळायला लागलो.

सीसी म्हणजे कॅश क्रेडिट, बँकेने ठरवलेल्या मर्यादेपर्यंत हवे तेव्हा उचलायचे आणि भरायचे पैसे. व्यापारी घरात वाढलेल्या मुलाच्या कानावर हा शब्द ‘आजी’, ‘दिवाळी’ या शब्दांइतकाच लवकर पडतो. सीसी वापरली, सीसी भरली, लिमिट वाढवून घेतली, महिन्याचं स्टॉक स्टेटमेंट द्यायचं राहिलं. आमच्या सीसीच्या पासबुकात शिलकीच्या आकड्यापुढे कायम ‘डेबिट’ची खूण असे. ती बघून मला वाटे, आपण फार गरीब आहोत. पुढे कळलं की त्या खुणेचा अर्थ एवढाच: आज या घडीला देणं कोण कुणाचं लागतं.

बँकेतल्या खात्याकडे या नजरेने पाहिलं की ते मोठं विलक्षण दिसतं. तुमच्या खात्यात पाच हजार जमा आहेत, म्हणजे बँक तुमचं पाच हजारांचं देणं लागते. तुम्ही काढत गेलात की ते देणं कमी होत होत शून्यावर येतं. साधं खातं तिथे संपतं. पण सीसीसारखं ओव्हरड्राफ्टचं खातं शून्यावर थांबत नाही. आकडा त्या रेघेखाली उतरतो आणि त्याच क्षणी धनको आणि ऋणको जागा बदलतात. नवा कागद नाही, सही नाही, अर्ज नाही. एका चेकने देणेकरी घेणेकरी होतो आणि संध्याकाळच्या भरण्याने पुन्हा पहिल्या जागी येतो.

ही युक्ती पहिल्यांदा नोंदली गेली ती एडिंबरोमध्ये. तिथली रॉयल बँक ऑफ स्कॉटलंड 1727 साली सुरू झाली. पुढच्याच वर्षी, 1728 मध्ये, हाय स्ट्रीटवर दुकान असलेला विल्यम हॉग नावाचा व्यापारी बँकेकडे अडचण घेऊन आला. माल नेलेली गिऱ्हाइकं पैसे द्यायला वेळ लावत होती आणि ज्यांच्याकडून माल आणला ते थांबायला तयार नव्हते. आमच्याकडे याला ‘उधारी अडकली’ म्हणतात. मागवाले सुताचे पैसे कापड विकल्यावर देणार आणि सूतगिरणीला मात्र रोख हवी. बँकेने हॉगला खात्यातल्या शिलकीपेक्षा 1,000 पौंड जास्त काढायची मुभा दिली. जगातला पहिला ओव्हरड्राफ्ट म्हणून हीच नोंद सांगितली जाते. स्कॉटलंडच्या बँकांनी या सोयीला जे नाव दिलं ते ‘कॅश क्रेडिट’. ब्रिटिश अमदानीत ते नाव आणि ती पद्धत हिंदुस्थानातल्या बँकांत आली आणि तशीच राहिली. इचलकरंजीच्या पेठेत रोज शंभरदा उच्चारला जाणारा शब्द अडीचशे-तीनशे वर्षांपूर्वीच्या एडिंबरोचा आहे, हे मला पन्नाशीत कळलं. त्या रात्री मला आनंदाने बराच वेळ झोप लागली नाही.

त्या काळच्या मोठ्या माणसांनाही या कल्पनेचं अप्रूप होतं. डेव्हिड ह्यूम हा एडिंबरोचाच तत्त्वज्ञ. आपल्या एका निबंधात त्याने व्यापारात आजवर सुचलेल्या अत्यंत कल्पक गोष्टींमध्ये हिची गणना केली. त्याने वर्णन केलेली गंमत अशी: माणूस तारण किंवा जामीन देऊन हजार पौंडांची मर्यादा मंजूर करून घेतो, पण व्याज फक्त हातात घेतलेल्या रकमेचं आणि तेही ती हातात आहे तेवढ्याच दिवसांचं. मध्येच वीस पौंड आले तर ते बँकेत नेऊन टाकायचे, तेवढ्यांचं व्याज तिथेच थांबलं. अॅडम स्मिथने 1776 मध्ये लंडन आणि एडिंबरोचे दोन व्यापारी शेजारी उभे केले. लंडनवाल्याला अचानक येणाऱ्या देण्यांसाठी समजा 500 पौंड तिजोरीत नुसते पाडून ठेवावे लागतात. एडिंबरोवाल्याच्या मागे कॅश क्रेडिट आहे, म्हणून ते 500 पौंडही तो मालात घालतो आणि तेवढ्या जास्त हातांना काम देतो.

वीस पौंड नेऊन टाकायचे, व्याज तिथेच थांबलं. हे वाचलं आणि मला माझी शनिवारची धाव आठवली. या रचनेत कर्ज घेणाऱ्याच्या धावपळीला मोल आहे. दहा हजार भरले तर सव्वानऊ रुपये वाचतात, हजार भरले तर त्रेण्णव पैसे. कमी पडलं तर कमी पडल्याइतकंच लागतं, लवकर भरलं तर तेवढंच वाचतं. हिशेब माणसाच्या पावलाला पाऊल लावून चालतो.

ही सोय व्यापाऱ्याकडून पगारदार माणसाच्या साध्या खात्यापर्यंत आली तेव्हा तिचा आकारच बदलला, आणि मला सांगायची आहे ती गोष्ट इथून सुरू होते. अमेरिकेत आणि ब्रिटनमध्ये विसाव्या शतकाच्या शेवटी लाखो खात्यांना शून्याखाली उतरायची मुभा मिळाली, पण मोबदला व्याजाच्या रूपात उरला नाही. तो सरसकट दंड झाला. एक रुपया कमी पडला काय किंवा शंभर कमी पडले काय, एक दिवस राहिले काय किंवा तीन दिवस राहिले काय, आकार तोच.

अमेरिकेत हा आकार बऱ्याच बँकांत एका व्यवहारामागे 35 डॉलरच्या आसपास होता. तिथल्या ग्राहक वित्त संरक्षण ब्युरोने 2014 मध्ये खाती तपासली तेव्हा दिसलं की डेबिट कार्डावरचे बहुतेक ओव्हरड्राफ्ट 24 डॉलर किंवा त्याहून लहान खरेदीचे होते आणि बहुतेकांनी ते तीन दिवसांत फेडले होते. आकार होता 34 डॉलर. 24 डॉलर तीन दिवसांसाठी वापरले आणि त्यावर 34 डॉलर दिले, तर वर्षाचा व्याजदर किती? वडिलांच्या रीतीने पाठकोऱ्या कागदावर मांडून पाहा. 34 भागिले 24, गुणिले 365, भागिले 3, गुणिले 100. उत्तर 17,000 टक्क्यांच्या वर जातं. मी हा हिशेब तीनदा केला. आमच्या सीसीचा दर 17 होता आणि इथे पुढे तीन शून्यं लागली होती.

याहून थक्क करणारी एक गोष्ट आहे आणि ती फक्त क्रमाची आहे. समजा खात्यात 100 डॉलर आहेत. दिवसभरात तुम्ही बसला 3, कॉफीला 5, औषधाला 12 आणि किराण्याला 30 डॉलर दिले आणि संध्याकाळी 95 डॉलरचा एक चेक वटायला आला. ज्या क्रमाने खर्च झाला त्याच क्रमाने नोंदी टाकल्या तर पहिल्या चार खर्चांचे 50 सुखाने जातात आणि फक्त चेक कमी पडतो. दंड एकदा, 35 डॉलर. आता त्याच नोंदी मोठीकडून लहानीकडे लावा. आधी 95 गेले, उरले 5. मग किराणा कमी पडला, औषध कमी पडलं, कॉफी कमी पडली, बससुद्धा कमी पडली. दंड चार वेळा, 140 डॉलर. खर्च तोच, तूट तीच 45 डॉलरची, माणूस तोच. नुसत्या ओळी खालीवर केल्या.

ही कल्पनेतली कसरत नव्हे. वेल्स फार्गो बँकेविरुद्ध कॅलिफोर्नियाच्या ग्राहकांनी केलेला दावा याच क्रमावर होता. 2010 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत न्यायाधीश विल्यम अॅल्सप यांनी ग्राहकांना सुमारे 20 कोटी 30 लाख डॉलर परत करायचा निकाल दिला. कागदावर एका स्तंभाची मांडणी बदलण्याची ही किंमत होती.

हे पैसे कुणाकडून येत होते, हे त्याच ब्युरोने 2017 मध्ये मोजलं. वर्षात दहापेक्षा जास्त वेळा शून्याखाली जाणारी खाती होती फक्त 9 टक्के आणि या सगळ्या दंडांपैकी सुमारे 80 टक्के रक्कम त्यांच्याकडून आली होती. महिनाअखेरीला ज्याच्या हाताशी काही उरत नाही तोच पुन्हा पुन्हा त्या रेघेवर घसरतो. एकदा 35 गेले की पुढच्या पगारातून तेवढे आधीच वजा झालेले असतात आणि पुढची घसरण आणखी जवळ येते.

ब्रिटनमध्ये हीच गोष्ट वेगळ्या दाराने आली, आणि ते दार फार मोहक होतं. 1984 मध्ये मिडलँड बँकेने जाहीर केलं की खात्यात शिल्लक असेल तोवर खातं चालवायचे पैसे लागणार नाहीत. बाकीच्या बँकांनाही तेच करावं लागलं. शाखा, चेकबुकं, एटीएम, सगळं फुकट. पण हे चालवायला पैसा लागतोच. तो आला दोन वाटांनी. एक, चालू खात्यातल्या शिलकीवर जवळजवळ काही व्याज द्यायचं नाही. दुसरी, खात्यात पैसे नसणाऱ्यांकडून घ्यायचे. पुढे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं तेव्हा समोर आलं की व्यक्तींच्या चालू खात्यांतून बँकांना मिळणाऱ्या उत्पन्नाचा 30 टक्क्यांहून जास्त हिस्सा ‘परवानगीविना’ शून्याखाली जाणाऱ्यांच्या दंडाचा होता. म्हणजे ज्याच्या खात्यात भरपूर पैसे आहेत त्याला फुकट मिळणाऱ्या चेकबुकाचा खर्च, ज्याला भाडं भरायला तीस पौंड कमी पडले तो देत होता. मला या वाक्यापाशी दर वेळी थांबावं लागतं.

2007 पर्यंत हजारो ग्राहकांनी बँकांना पत्रं लिहून हे दंड परत मागायला सुरुवात केली होती. सरकारच्या व्यापार नियामकाने सात बँका आणि एका गृहकर्ज संस्थेविरुद्ध दावा लावला. 25 नोव्हेंबर 2009 ला नव्याकोऱ्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला आणि बँका जिंकल्या. न्यायालयाचं म्हणणं असं की हे दंड म्हणजे खात्याच्या एकूण सेवेच्या किमतीचाच भाग आहेत, आणि किंमत जास्त आहे की वाजवी, हे दाव्याचा आधार असलेल्या कायद्याखाली तपासता येत नाही. दंड न्याय्य आहेत असं न्यायालय म्हणालं नव्हतं, पण पत्रं लिहिणाऱ्यांना त्याचा काय उपयोग.

मग दहा वर्षं गेली. मधल्या काळातला एक बदल मला फार आवडतो. 2018 पासून बँकांवर सक्ती झाली की खातं परवानगीविना शून्याखाली जात असेल तर ग्राहकाला मोबाइलवर संदेश पाठवायचा आणि पैसे भरून दंड टाळायला मुदत द्यायची. म्हणजे तिथल्या प्रत्येक अडलेल्या माणसाला माझी शनिवारची धाव पुन्हा मिळाली.

खरा पालट झाला 6 एप्रिल 2020 ला. फायनान्शियल कंडक्ट ऑथॉरिटी या नियामकाने आधी आकडे मांडले. 2016 मध्ये परवानगीविना ओव्हरड्राफ्टच्या आकारांपैकी निम्म्याहून जास्त रक्कम फक्त दीड टक्का ग्राहकांनी भरली होती आणि मागास वस्त्यांतल्या लोकांवर हा बोजा जास्त होता. मग नियम आला. रोजचा किंवा महिन्याचा ठोक आकार बंद. मोबदला फक्त एका साध्या वार्षिक व्याजदराने घ्यायचा आणि परवानगीविना काढलेल्या पैशांना परवानगीच्या पैशांपेक्षा जास्त दर लावायचा नाही. थोडक्यात, विल्यम हॉगच्या खात्यावरचा हिशेब परत आला.

त्यावर बहुतेक मोठ्या बँकांनी दर लावला 39.9 टक्के, काहींनी 49.9 टक्क्यांपर्यंत नेला. इतके सारखे आकडे पाहून नियामकाने बँकांना पत्र पाठवून खुलासा मागितला. वर्तमानपत्रांत 40 टक्क्यांची ओरड झाली, आणि दर ऐकून कुणाचाही जीव दचकेल. पण इथेच गणित माणसाला चकवतं. 100 पौंड एका दिवसासाठी 39.9 टक्क्यांनी वापरले तर लागतात दहा पेन्सच्या आसपास. त्याआधी त्याच 100 पौंडांना परवानगीविना रोजचे 5 पौंड पडत. नियामकाचा अंदाजही असाच होता: रोजचे 5 पौंड 20 पेन्सच्या खाली येतील. चाळीस टक्के हा आकडा कानाला मोठा लागतो. पाच पौंड कानाला लहान लागतात. आपला कान अशा वेळी भरवशाचा नसतो, पाठकोरा कागद असतो.

पण सगळ्यांना दिलासा मिळाला नाही, हेही तितक्याच स्पष्टपणे लिहायला हवं. नेशनवाइडसारख्या संस्थेचा परवानगीच्या ओव्हरड्राफ्टचा दर आधी 18.9 टक्के होता, तो 39.9 झाला. जो माणूस वर्षानुवर्षं 1,500 पौंड शून्याखालीच जगतो आहे, पगार आला की वर येतो आणि आठवड्यात पुन्हा बुडतो, त्याचा वर्षाचा खर्च ढोबळ मानाने 280 पौंडांवरून 600 च्या घरात गेला. नियामकाचंच म्हणणं होतं की दहापैकी सात जणांना फायदा होईल किंवा फरक पडणार नाही. उरलेल्या तिघांत असे कायमचे बुडालेले लोक होते. त्यांच्यासाठी नियमात एक कलम आहे: पुन्हा पुन्हा ओव्हरड्राफ्ट वापरणारे ग्राहक बँकेने हुडकून काढायचे, त्यांच्याशी बोलायचं आणि बाहेर पडायला मदत करायची. ही अट मला योग्य वाटते. व्याजाचा आकार सरळ केला तरी ज्याचं उत्पन्नच तोकडं आहे त्याचा खड्डा त्याने भरत नाही. नियम लागू व्हायच्या दोन आठवडे आधी करोनाची टाळेबंदी लागली, आणि अडचणीत आलेल्यांना 500 पौंडांपर्यंतचा ओव्हरड्राफ्ट तीन महिने बिनव्याजी देण्याची तात्पुरती सोय करावी लागली.

अमेरिकेत वाट उलटी फिरली. 2022 मध्ये कॅपिटल वन आणि सिटीबँकेने आपण होऊन हे आकार रद्द केले, बँक ऑफ अमेरिकेने 35 डॉलरचे 10 केले. डिसेंबर 2024 मध्ये ब्युरोने मोठ्या बँकांसाठी 5 डॉलरच्या मर्यादेचा नियम केला. तो ऑक्टोबर 2025 पासून लागू व्हायचा होता, पण काँग्रेसने तो रद्द करायचा ठराव केला आणि मे 2025 मध्ये राष्ट्राध्यक्षांच्या सहीने तो संपला.

आपल्याकडे साध्या बचत खात्याला शून्याखाली जायची मुभा सहसा नसते. जनधन खात्यात 10,000 रुपयांपर्यंत ओव्हरड्राफ्टची तरतूद आहे, पण एरवी आपला दंड रेघेच्या वरच बसतो: किमान शिल्लक राखली नाही म्हणून. रिझर्व्ह बँकेने याला एप्रिल 2015 पासून चांगली वेसण घातली. दंड तुटीच्या प्रमाणात हवा आणि केवळ दंडामुळे खातं उणे होता कामा नये. तुटीच्या प्रमाणात, हा शब्दप्रयोग वाचून मला ह्यूमचे वीस पौंड आठवले. स्टेट बँकेने 2020 मध्ये किमान शिलकीची अटच काढली आणि 2025 मध्ये कॅनरा बँक, पंजाब नॅशनल बँक अशा आणखी सरकारी बँका त्या वाटेने गेल्या.

ठोक दंडाची एक जागा मात्र उरली आहे. आमच्या सोसायटीबाहेरच्या स्टँडवर रिक्षा लावणाऱ्या एका दादांनी गेल्या पावसाळ्यात मला त्यांचा फोन दाखवला. ‘काका, हे काय कापलंय बघा जरा.’ रिक्षाच्या कर्जाचा हप्ता पाच तारखेला खात्यातून जायचा होता. दोन दिवस पावसाने धंदा नव्हता. खात्यात 62 रुपये कमी होते. हप्ता परत गेला आणि बँकेने हप्ता परत गेल्याचे 500 रुपये आणि त्यावर 18 टक्के जीएसटी, असे 590 कापले. फायनान्सवाल्यांचा दंड वेगळा. बँकेने त्यांना ते 62 रुपये उसने दिलेसुद्धा नव्हते, नुसतं नाही म्हटलं होतं. आठ तारखेला पाऊस उघडला आणि त्या दिवशी दुपारपर्यंत त्यांच्याकडे पैसे जमले होते.

मी खिशातून जुनी पावती काढली, उलटी केली आणि त्यांच्या रिक्षाच्या सीटवर ठेवून हिशेब मांडला. 62 रुपये, तीन दिवस, दर लंडनमधला, 40 टक्के. बासष्टचे चाळीस टक्के 24 रुपये 80 पैसे. गुणिले तीन, भागिले 365.

‘किती आले?’ त्यांनी वाकून विचारलं.

वीस पैसे.